टाइमकोडद्वारे संगणक व मल्टिट्रॅक टेप रेकॉर्डरचे समकालन

टाइमकोडद्वारे संगणक व मल्टिट्रॅक टेप रेकॉर्डरचे समकालन ही ध्वनिमुद्रणातील एक तंत्रपद्धती आहे. या पद्धतीत ध्वनिफितीच्या एका ट्रॅकवर वेळेचा सांकेतिक निर्देश आधीच मुद्रित केला जातो. फीत वाजत असताना तो निर्देश वाचून संगणकावरील सीक्वेन्सर फितीच्या चालू स्थानाशी जुळवून घेतो. त्यामुळे फितीवरील गायन व वादन आणि संगणकाने वाजवलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकाच वेळी, एकाच लयीत ऐकू येतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही पद्धती लहानमोठ्या ध्वनिमुद्रण कक्षांत सर्रास वापरली जात असे.

टाइमकोड मुळात फितीवरील प्रत्येक क्षणाला दिलेला पत्ता असतो. फीत ‘कोठे’ आहे हे तो सांगतो. ती ‘किती वेगाने’ चालली आहे, हे मात्र लागोपाठच्या पत्त्यांवरून काढावे लागते. स्थान आणि वेग हे दोन प्रश्न वेगळे आहेत. समकालनाची बहुतेक साधने या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी निर्माण झाली आणि समकालनातील बहुतेक चुका या दोन प्रश्नांची गल्लत केल्याने होतात.

गरज

टेप रेकॉर्डरमध्ये कॅप्स्टन नावाचा फिरता दांडा आणि त्यावर दाबलेले रबरी चाक यांच्या साहाय्याने फीत ओढली जाते. व्यावसायिक यंत्रांत फितीचा वेग सेकंदाला १५ किंवा ३० इंच, म्हणजे सुमारे ३८ किंवा ७६ सेंटिमीटर असतो. हा वेग पूर्णपणे स्थिर नसतो. फितीचा ताण, रिळावर उरलेल्या फितीचे वजन, तापमान व यांत्रिक झीज यांमुळे त्यात सूक्ष्म फरक पडत राहतो. संगणकाचे घड्याळ मात्र क्वार्ट्झ स्फटिकावर चालते व तुलनेने फारच स्थिर असते.

फीत व संगणक एकाच क्षणी सुरू केले तरी ती पुढे बरोबर राहत नाहीत, याचे कारण हेच. फितीच्या वेगात केवळ ०.१ टक्का फरक असला, तर चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ०.२४ सेकंदाचे अंतर पडते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. म्हणजे गाणे संपताना ढोल आणि आवाज यांच्यात जवळजवळ अर्ध्या ठोक्याची फारकत झालेली असते. अशा गाण्याचा उपयोग होत नाही.

समकालन साधले तर मोठा लाभ होतो. आठ ट्रॅकच्या यंत्रावर एक ट्रॅक टाइमकोडला दिला की सात ट्रॅक गायन, गिटार व अन्य नैसर्गिक वाद्यांसाठी उरतात. सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांचे वादन फितीवर घेण्याची आवश्यकताच राहत नाही. अंतिम मिश्रणाच्या वेळी संगणक ते पुन्हा वाजवतो. या वादनांना ‘आभासी ट्रॅक’ असे म्हणत. त्यांच्यावर फितीची खरखर चढत नाही. तसेच स्वर, लय किंवा वाद्याचा ध्वनी मिश्रणाच्या दिवसापर्यंत बदलता येतो. कमी खर्चाच्या कक्षांना यामुळे मोठ्या कक्षांच्या तोडीचे काम करणे शक्य झाले.

इतिहास

एकाच फितीवर अनेक ट्रॅक स्वतंत्रपणे मुद्रित करण्याच्या तंत्रात अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. ॲम्पेक्स कंपनीने त्यांच्यासाठी बनवलेले आठ ट्रॅकचे यंत्र त्यांना १९५७ साली मिळाले. ट्रॅकची संख्या अपुरी पडू लागल्यावर दोन यंत्रे जोडण्याची कल्पना पुढे आली. फेब्रुवारी १९६७ मध्ये लंडनच्या ईएमआय कक्षात बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासाठी वाद्यवृंदाचे मुद्रण झाले. त्या वेळी तेथील तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी चार ट्रॅकची दोन यंत्रे ५० हर्ट्झच्या एका स्वराच्या आधारे जोडली. पहिल्या यंत्रावर मुद्रित केलेला हा स्वर दुसऱ्या यंत्राच्या मोटरचा वेग ठरवीत असे. वेग जुळला, पण स्थान जुळवण्याची सोय त्यात नव्हती. दोन्ही यंत्रे नेमक्या क्षणी सुरू करणे हे चालकाच्या हातावर अवलंबून होते.

स्थानाचा प्रश्न दूरचित्रवाणीने सोडवला. चित्रफितीवरील चित्रचौकटी डोळ्यांना दिसत नसल्याने संपादनासाठी प्रत्येक चौकटीला क्रमांक देणे आवश्यक झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे संकेत विकसित झाले आणि १९७० च्या दशकात अमेरिकेच्या चलच्चित्र व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएमपीटीई या संस्थेने, त्यांचे प्रमाणीकरण केले. युरोपीय प्रसारण संघ अर्थात ईबीयू यानेही तो संकेत स्वीकारला. म्हणून त्यास ‘एसएमपीटीई/ईबीयू टाइमकोड’ किंवा नुसते ‘सिम्प्टी’ म्हटले जाते.

संगणकाच्या बाजूने निर्णायक टप्पा म्हणजे १९८३ साली जाहीर झालेले मिडी हे प्रमाण. वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये त्यामुळे एकमेकांशी संवाद साधू लागली. १९८५ साली बाजारात आलेल्या अटारी एसटी या संगणकात मिडीची जोडणी अंगभूत होती. त्याच वर्षी मॅकिन्टॉश संगणकासाठी ‘परफॉर्मर’ हा सीक्वेन्सर उपलब्ध झाला, तर १९८९ साली अटारीसाठी ‘क्युबेस’ आला. फितीवरील टाइमकोड मिडीच्या तारेतून थेट संगणकाला पोहोचवण्यासाठी क्रिस मायर व इव्हान ब्रुक्स यांनी मिडी टाइमकोडची योजना मांडली. ती १९८७ साली मिडी प्रमाणात समाविष्ट झाली.

संकेताची रचना

फितीच्या लांबीच्या दिशेने ध्वनीप्रमाणे मुद्रित होणाऱ्या टाइमकोडला ‘लाँगिट्यूडिनल टाइमकोड’ किंवा एलटीसी म्हणतात. त्यात वेळ तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम अशा चार भागांत लिहिली जाते. उदाहरणार्थ, ०१:०२:१५:०८ म्हणजे एक तास, दोन मिनिटे, पंधरा सेकंद व आठ फ्रेम. मोजणी २४ तासांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते.

प्रत्येक फ्रेमसाठी ८० बिटांचा एक शब्द असतो. त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे आहे :

• वेळ : २६ बिट. प्रत्येक दशमान अंक स्वतंत्रपणे द्विमान पद्धतीत लिहिलेला असतो.
• वापरकर्त्याचे बिट : ३२. यांत रिळाचा क्रमांक किंवा दिनांक यांसारखी माहिती ठेवता येते.
• खुणेचे बिट : ६. ड्रॉप-फ्रेम मोजणी आहे किंवा नाही, यांसारख्या बाबी ते दर्शवतात.
• समकालन शब्द : १६ बिट. त्याचा क्रम ००११ ११११ ११११ ११०१ असा ठरलेला आहे.

समकालन शब्दात सलग बारा वेळा १ येतो. असा क्रम उरलेल्या शब्दात कोठेही येऊ शकत नाही, म्हणून वाचक यंत्राला फ्रेमची सीमा ओळखता येते. या बारा एकांच्या आधी ०० आणि नंतर ०१ असते. फीत उलटी फिरत असल्यास हा क्रम उलटा येतो, त्यामुळे फितीची दिशाही कळते.

बिट लिहिण्यासाठी द्विकला-चिन्ह संकेतन वापरले जाते. प्रत्येक बिटाच्या आरंभी विद्युत्‌ संकेताची पातळी बदलते. बिट १ असल्यास मध्यावर ती आणखी एकदा बदलते. म्हणजे अर्थ पातळीच्या उंचीत नसून बदलांमधील अंतरात असतो. परिणामी, तारांची जोडणी उलट झाली तरी संकेत वाचता येतो, आणि फितीचा वेग कमी-जास्त झाला तरी वाचक त्याच्याशी जुळवून घेतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर सेकंदाला २,००० बिट होतात. केवळ शून्यांचा क्रम १,००० हर्ट्झचा, तर केवळ एकांचा क्रम २,००० हर्ट्झचा स्वर देतो. हे स्वर श्राव्य पट्ट्यातच असल्याने कोणत्याही साध्या ध्वनी-ट्रॅकवर ते मुद्रित होऊ शकतात. कानाला हा संकेत कर्कश गुणगुणण्यासारखा ऐकू येतो.

एलटीसीची एक मर्यादा अशी की फीत थांबलेली असताना किंवा अतिशय संथ सरकत असताना तो वाचता येत नाही. संकेत निर्माण होण्यासाठी फीत हेडवरून पुरेशा वेगाने जावी लागते.

फ्रेम दर

टाइमकोडचा उगम चित्रक्षेत्रात असल्याने त्याचे दर चित्रपट व दूरचित्रवाणीच्या दरांवरून ठरले आहेत.

• सेकंदाला २४ फ्रेम : चित्रपट. एक फ्रेम सुमारे ४१.६७ मिलिसेकंद.
• सेकंदाला २५ फ्रेम : पाल पद्धतीचे दूरचित्रवाणी प्रसारण, युरोप व भारत. एक फ्रेम ४० मिलिसेकंद.
• सेकंदाला २९.९७ फ्रेम : अमेरिका व जपानमधील रंगीत एनटीएससी दूरचित्रवाणी. एक फ्रेम सुमारे ३३.३७ मिलिसेकंद.
• सेकंदाला ३० फ्रेम : मूळ कृष्णधवल दर, अमेरिकेत केवळ संगीताच्या कामासाठी प्रचलित. एक फ्रेम सुमारे ३३.३३ मिलिसेकंद.

२९.९७ हा दर गोंधळाचे मूळ ठरला. सेकंदाला २९.९७ फ्रेम चालत असताना क्रमांक मात्र ३० च्या हिशेबाने दिले, तर एका तासात १०८ फ्रेमची, म्हणजे ३.६ सेकंदांची चूक साचते. ती टाळण्यासाठी ड्रॉप-फ्रेम मोजणीत प्रत्येक मिनिटाच्या आरंभी ०० व ०१ हे दोन क्रमांक गाळले जातात. मात्र दर दहाव्या मिनिटाला ते गाळले जात नाहीत. तासाला ५४ वेळा दोन क्रमांक गाळल्याने १०८ ची तूट भरून निघते. यात चित्राची एकही फ्रेम गाळली जात नाही, केवळ क्रमांक गाळले जातात.

एलटीसीमध्ये ड्रॉप-फ्रेमची खूण असली तरी फ्रेम दर थेट लिहिलेला नसतो. वाचक यंत्र तो संकेताच्या वेगावरून व फ्रेमच्या कमाल क्रमांकावरून ठरवते. २४ व २५ यांतील भेद सहज ओळखता येतो, पण २९.९७ व ३० यांतील फरक ०.१ टक्क्याइतकाच असल्याने फितीच्या वेगातील स्वाभाविक चढउतारात तो लपून जाऊ शकतो. म्हणून फितीच्या डब्यावर फ्रेम दर लिहून ठेवण्याची शिस्त आवश्यक मानली जाते.

फितीपासून संगणकापर्यंत

आरंभीची साधी पद्धत एफएसके स्वरांची होती. त्यात दोन ठरावीक कंप्रतांमध्ये आलटून पालटून बदलणारा स्वर फितीवर मुद्रित केला जाई आणि प्रत्येक बदल म्हणजे सीक्वेन्सरच्या घड्याळाचा एक टोला असे. ही पद्धत वेग सांगते, स्थान सांगत नाही. म्हणून गाण्याच्या मधूनच काम करायचे असले तरी प्रत्येक वेळी फीत आरंभापर्यंत मागे न्यावी लागे. शिवाय टोले गाण्याच्या लयीनुसार मुद्रित होत असल्याने लय एकदा फितीवर गेली की ती कायमची ठरत असे.

मिडी प्रमाणातील घड्याळ-संदेश याच तत्त्वावर चालतात. एका ठोक्याला २४ टोले असतात. त्यांना ‘साँग पोझिशन पॉइंटर’ या संदेशाची जोड दिलेली आहे. आरंभापासून सोळाव्या हिश्श्याचे किती स्वर उलटले हे हा संदेश सांगतो. सुधारित एफएसके पद्धतीत ही स्थानदर्शक माहितीही फितीवर येऊ लागली आणि गाणे कोठूनही सुरू करणे शक्य झाले.

मिडी टाइमकोड किंवा एमटीसी हे एलटीसीचे मिडीतील रूपांतर आहे. एलटीसी वाचणारे उपकरण प्रत्येक फ्रेममागे चार ‘पाव-फ्रेम’ संदेश संगणकाला पाठवते. एका संदेशात पूर्ण वेळ मावत नाही. आठ संदेशांत मिळून एक पूर्ण पत्ता तयार होतो आणि त्यास दोन फ्रेम इतका वेळ लागतो. पत्ता पूर्ण होईपर्यंत फीत दोन फ्रेम पुढे गेलेली असते, म्हणून संगणकाला तेवढी बेरीज करून घ्यावी लागते. सेकंदाला २५ फ्रेम असताना पाव-फ्रेम संदेश दर १० मिलिसेकंदांनी येतात. हे अंतर संगीताच्या दृष्टीने मोठे असल्याने सीक्वेन्सर दोन संदेशांमधील वेळ आपल्या घड्याळाने भरून काढतो. मिडीची तार सेकंदाला ३,१२५ बाइट वाहते. २५ फ्रेमच्या एमटीसीला त्यांपैकी २०० बाइट, म्हणजे ६.४ टक्के क्षमता लागते. त्याच तारेवर भरगच्च वादनाचे संदेशही जात असतील तर टाइमकोडचे संदेश अडखळतात व लय किंचित डळमळू लागते. म्हणून टाइमकोडसाठी स्वतंत्र जोडणी ठेवणे हितावह ठरते.

वेळ आणि लय

टाइमकोडला गाण्याची लय माहीत नसते. तो केवळ तास-मिनिटे-सेकंद जाणतो, तर सीक्वेन्सर बार आणि ठोके जाणतो. या दोन मोजणींना जोडणारी दोन माहिती-सूत्रे संगणकात साठवलेली असतात : गाण्याचा पहिला ठोका कोणत्या टाइमकोडवर येतो हे सांगणारा ‘आरंभबिंदू’ आणि लय कोठे किती आहे हे सांगणारा ‘टेम्पो नकाशा’.

उदाहरणार्थ, आरंभबिंदू ०१:००:१०:०० आहे, लय मिनिटाला १२० ठोक्यांची, चार ठोक्यांचा एक बार आणि फ्रेम दर २५ आहे, असे समजू. एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे ५० फ्रेमचा होतो. तेहतिसावा बार ३२ बार उलटल्यावर, म्हणजे ६४ सेकंदांनी येतो. त्याचा पत्ता ०१:०१:१४:०० असेल. फीत मागेपुढे करून या पत्त्यावर आणली की संगणक आपोआप तेहतिसाव्या बारवर येतो.

याच उदाहरणात गायन फितीवर मुद्रित झाल्यानंतर कोणी संगणकातील लय १२० वरून ११९ केली, तर तेहतिसावा बार सुमारे ६४.५४ सेकंदांनी येईल. गायक फितीवर जुन्याच जागी गात राहील आणि वाद्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक मागे पडतील. टाइमकोड या स्थितीत कोणतीही चूक दाखवत नाही, कारण पत्ता बरोबरच वाचला जात असतो. म्हणून पहिले नैसर्गिक वादन फितीवर घेण्यापूर्वी टेम्पो नकाशा पक्का करणे आणि त्याची प्रत जपून ठेवणे हा या पद्धतीतील मूलभूत नियम आहे.

कार्यपद्धती

फितीवर टाइमकोड मुद्रित करण्याच्या क्रियेला ‘स्ट्राइप करणे’ म्हणतात. ती संगीताच्या मुद्रणापूर्वी, संपूर्ण फितीवर सलग केली जाते. मधूनच थांबून पुन्हा सुरू केल्यास क्रमांकांत खंड पडतो. यासंबंधी सर्वसाधारण संकेत पुढीलप्रमाणे आहेत.

ट्रॅकची निवड. टाइमकोड फितीच्या कडेच्या, सहसा शेवटच्या ट्रॅकवर घेतात : चार ट्रॅकच्या यंत्रावर चौथा, आठच्या यंत्रावर आठवा, २४ च्या यंत्रावर चोविसावा. असे केल्याने त्याला एकच शेजारी ट्रॅक राहतो. संकेत शेजारच्या ट्रॅकवर पाझरतो म्हणून शक्य असल्यास तो शेजारी ट्रॅक रिकामा ठेवतात. निदान तेथे हळुवार गायन घेत नाहीत.

पातळी. संकेत फार जोरात घेतल्यास तो पाझरतो, फार हळू घेतल्यास वाचताना तुटतो. व्यावसायिक यंत्रांवर तो संगीताच्या सामान्य पातळीपेक्षा बराच कमी ठेवला जातो. योग्य पातळी यंत्रागणिक बदलते, म्हणून काही मिनिटांचे चाचणी-मुद्रण करून पाहणे श्रेयस्कर ठरते.

खरखर-नियंत्रण. डॉल्बी किंवा डीबीएक्स यांसारखी खरखर कमी करणारी यंत्रणा टाइमकोडच्या ट्रॅकवर बंद ठेवावी लागते, कारण ती संकेताच्या लहरीचा आकार बदलते.

आरंभ. गाण्यापूर्वी किमान दहा ते वीस सेकंदांचा टाइमकोड मोकळा ठेवतात, म्हणजे सर्व यंत्रांना जुळून घेण्यास अवधी मिळतो. मोजणी सहसा ०१:००:००:०० च्या आसपास सुरू करतात. ती शून्यापासून सुरू केली आणि फीत थोडी मागे गेली, तर पत्ता २३:५९ असा येतो व संगणकाची समजूत चुकते.

नक्कल. फितीवरून फितीवर टाइमकोडची सरळ नक्कल करत नाहीत. प्रत्येक नकलेत संकेताच्या तीक्ष्ण कडा बोथट होतात. त्याऐवजी जुना संकेत वाचून त्याच क्रमांकांचा नवा, स्वच्छ संकेत निर्माण केला जातो. यास ‘जॅम-सिंक’ म्हणतात. फितीवर धूळ किंवा ओरखडा असल्यास संकेत क्षणभर नाहीसा होतो; अशा वेळी वाचक यंत्र काही फ्रेमपर्यंत स्वतःच्या अंदाजाने मोजणी चालू ठेवते.

मुख्य यंत्र आणि अनुगामी यंत्र

समकालनात एक यंत्र मुख्य असते व इतर त्याच्या मागे चालतात. फीत जड असते. ती गुंडाळणे, थांबवणे व वेग बदलणे यांना वेळ लागतो. मिडी सीक्वेन्सर मात्र क्षणात कोणत्याही बारवर उडी घेऊ शकतो. म्हणून लहान कक्षांत फीत मुख्य व संगणक अनुगामी ही मांडणी स्वाभाविक ठरली. तिला महागडे उपकरण लागत नाही. टाइमकोड वाचून एमटीसी देणारी लहानशी पेटी पुरते.

उलट मांडणीत, म्हणजे फीत अनुगामी ठेवायची असल्यास, सिंक्रोनायझर हे उपकरण लागते. ते दोन टाइमकोडची तुलना करून टेप रेकॉर्डरच्या कॅप्स्टन मोटरचा वेग सतत किंचित कमी-जास्त करते. ऑडिओ कायनेटिक्सचे ‘क्यू-लॉक’ आणि टाइमलाइनचे ‘लिंक्स’ ही मोठ्या कक्षांतील परिचित उपकरणे होती. २४ ट्रॅकची दोन यंत्रे जोडून, प्रत्येकी एक ट्रॅक टाइमकोडला देऊन, ४६ ट्रॅक मिळवण्यासाठीही त्यांचा उपयोग होई. १९९२ साली मिडी मशीन कंट्रोल हे प्रमाण आल्यावर संगणकाच्या पडद्यावरूनच टेप रेकॉर्डर सुरू करणे, थांबवणे, मागे नेणे आणि ट्रॅक मुद्रणासाठी सज्ज करणे शक्य झाले. अशा वेळी आज्ञा संगणकाकडून फितीकडे जाते, पण वेळेचा निर्देश फितीकडूनच संगणकाकडे येतो.

डिजिटल ध्वनी आणि वर्ड क्लॉक

संगणक केवळ मिडी वाजवत होता तोवर फितीच्या वेगातील चढउताराने अडचण येत नसे. पुढचा स्वर किंचित लवकर किंवा उशिरा वाजवला की काम भागे. १९९० च्या दशकाच्या आरंभी संगणकावर डिजिटल ध्वनीही मुद्रित होऊ लागला आणि समस्येचे स्वरूप बदलले. डिजिटल ध्वनी ठरावीक नमुनादराने वाजतो. ४४,१०० हर्ट्झ दराला २५ फ्रेमच्या टाइमकोडमधील एका फ्रेममध्ये १,७६४ नमुने बसतात, ४८,००० हर्ट्झला १,९२०. टाइमकोडने फ्रेम ओळखता येते. तिच्या आतील प्रत्येक नमुना केव्हा वाजावा हे सांगण्यासाठी स्वतंत्र घड्याळ लागते. त्यास ‘वर्ड क्लॉक’ म्हणतात.

अनेक संगणक-प्रणाली टाइमकोडचा उपयोग केवळ आरंभासाठी करत. फीत ठरलेल्या पत्त्यावर आली की संगणकातील ध्वनी सुरू होई व पुढे स्वतःच्या घड्याळाने चाले. आरंभ अचूक, पण शेवटी पुन्हा तीच फारकत. छोट्या तुकड्यांना हे चालते. चार मिनिटांच्या सलग गायनाला चालत नाही. यावर तीन उपाय होते : टाइमकोडच्या वेगावरून वर्ड क्लॉक निर्माण करून संगणकाचा नमुनादर फितीबरोबर हलवणे, सिंक्रोनायझर वापरून फितीलाच संगणकाच्या घड्याळामागे चालवणे, किंवा लांब मुद्रणाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पत्त्यावर सुरू करणे. पहिल्या उपायात फितीचे डळमळणे संगणकातील ध्वनीच्या स्वरातही उतरते, परंतु सर्व ध्वनी एकत्रच हलत असल्याने ते सहसा खटकत नाही.

सामान्य दोष

• आरंभ जुळतो, पण अंतर हळूहळू वाढत जाते : वेगाचा दोष. फ्रेम दर चुकीचा निवडला आहे, किंवा संगणकाचा ध्वनी स्वतःच्या घड्याळावर चालला आहे.
• अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच राहते : स्थानाचा दोष. आरंभबिंदू चुकला आहे, किंवा टाइमकोड एका हेडवरून व संगीत दुसऱ्या हेडवरून वाचले जात आहे. दोन हेडमध्ये दोन इंच अंतर असेल तर १५ इंच वेगाला सुमारे १३३ मिलिसेकंदांचा फरक पडतो.
• विशिष्ट जागीच समकालन तुटते : फितीवरील ओरखडा, किंवा टाइमकोडच्या ट्रॅकवर चुकून झालेले मुद्रण.
• लय सर्वत्र थरथरते : संकेताची पातळी अयोग्य असणे, किंवा मिडीच्या तारेवर संदेशांची गर्दी होणे.

डिजिटल फीत आणि पद्धतीचा ऱ्हास

१९९१ साली जाहीर झालेल्या अलेसिस कंपनीच्या ‘एडॅट’ या यंत्रात एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक मुद्रित होत. टॅस्कॅमचे ‘डीए-८८’ हे यंत्र हाय-८ कॅसेट वापरी. एडॅटमध्ये वेळेची माहिती फितीवरील अंगभूत नोंदीतच असल्याने टाइमकोडसाठी ध्वनी-ट्रॅक खर्ची पडत नसे आणि १६ यंत्रे जोडून १२८ ट्रॅक एका नमुन्याइतक्या अचूकतेने चालवता येत. पुढे संगणकांची साठवणक्षमता वाढली, सर्व ट्रॅक संगणकातच मावू लागले आणि फितीचे समकालन नित्याच्या कामातून मागे पडले. टाइमकोड मात्र टिकून आहे. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात, दूरचित्रवाणी संपादनात, तसेच रंगमंचावरील ध्वनी, प्रकाश व दृश्ये एकत्र चालवण्यासाठी एलटीसी व एमटीसी आजही वापरले जातात.

जुन्या ध्वनिफितींचे जतन

या काळातील अनेक गाणी दोन ठिकाणी विभागलेली आहेत : गायन फितीवर आणि वाद्यांचे वादन फ्लॉपीवरील मिडी फाइलमध्ये. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे टाइमकोडचा ट्रॅक. फितीचे डिजिटल रूपांतर करताना हा ट्रॅक केवळ गोंगाट समजून वगळला, तर दुवा तुटतो व वादन पुन्हा जागी बसवण्यासाठी कानावरच विसंबावे लागते. म्हणून असे रूपांतर करताना टाइमकोडचा ट्रॅक इतर सर्व ट्रॅकबरोबर, एकाच वेळी व त्याच नमुनादराने उतरवून घेणे आवश्यक असते. असा मुद्रित टाइमकोड नंतर संगणकात वाचता येतो. फितीच्या मूळ वेगातील चढउतारही त्यातून मोजता येतो.

टाइमकोडबरोबर फ्रेम दर, ड्रॉप-फ्रेमची स्थिती, आरंभबिंदू व टेम्पो नकाशा यांची नोंद जपली जाणेही तितकेच महत्त्वाचे आहे. डब्यावर किंवा मुद्रणाच्या नोंदपत्रकावर लिहिलेली एखादी ओळ, उदाहरणार्थ ‘२५ फ्रेम, आरंभ ०१:००:१०:००, लय १२०’, नसेल तर फीत व फाइल दोन्ही सुस्थितीत असूनही गाणे पूर्ववत उभे करणे कठीण होते.